पेशीला रोजा नसतो

रमजान सुरू झाला की पहिल्या आठवड्यात आमच्या कॉलेजात एक प्रश्न हमखास येतो. विचारणारं तोंड दरवर्षी बदलतं, प्रश्न तोच. "मॅडम, पहाटे पाचच्या आधी खाल्लेलं दुपारी तीनपर्यंत कसं पुरतं? तुम्ही उभ्या राहून शिकवता ती ताकद येते कुठून?" यंदा विचारणारी मुलगी स्वतः नवरात्रात नऊ दिवस उपास धरणारी. मी म्हटलं, "घटस्थापनेनंतर तुला जिथून येते, तिथूनच." वर्ग हसला, तास संपला. पण ते काही उत्तर नव्हतं, मी करून घेतलेली सुटका होती.

खरं उत्तर मला तोंडपाठ आहे. वीस वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे. पेशीय श्वसनाच्या आकृत्या फळ्यावर किती वेळा काढल्या याची मोजदाद नाही. तरीही 2022 च्या एप्रिलमध्ये तोच धडा माझ्या स्वयंपाकघरात घडला, तेव्हा तो ओळखायला मला वेळ लागला. त्या दुपारकडे येतेच. आधी धडा.

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण उर्दू माध्यमातलं. तिथे श्वसनाला 'तनफ्फुस', पेशीला 'खलिया' आणि ऊर्जेला 'तवानाई'. पुढे मराठी पुस्तकं हातात आली तेव्हा 'श्वसन' आणि 'श्वासोच्छ्वास' हे दोन शब्द वेगळे का, हे कळेपर्यंत सहामाही उलटून गेली होती. आजही मुलं तिथेच अडखळतात. नाकाने हवा आत घेणं, बाहेर सोडणं हा झाला श्वासोच्छ्वास. ती नुसती ने-आण. श्वसन त्यानंतर सुरू होतं आणि ते ना नाकात होतं, ना छातीत. ते पायाच्या अंगठ्यात होतं, डोळ्याच्या पडद्यात होतं, हे वाचताना पान धरलेल्या बोटांत होतं. जिथे जिवंत पेशी, तिथे श्वसन.

हे जळणं आहे, हे प्रथम नीट मोजून दाखवलं ते पॅरिसमध्ये. 1782-83 च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्या जिवाच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळला ते मोजलं. मग कोळसा जाळून तेवढाच कार्बन डायऑक्साइड निघेपर्यंत किती बर्फ वितळतो तेही मोजलं. दोन्ही आकडे बरेच जवळ आले. प्राण्याचं श्वसन म्हणजे मंद ज्वलन, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फक्त ते जळणं फुप्फुसात होतं असं लाव्हाझिएला वाटलं. ते प्रत्येक पेशीत होतं हे उमगायला पुढचं जवळजवळ सगळं शतक गेलं. लाव्हाझिएला ते पाहायला मिळायचं नव्हतंच. 1794 साली फ्रेंच क्रांतीत त्याचं डोकं उडवलं गेलं.

मंद ज्वलन म्हटलं तरी पेशीत जाळ नसतो. साखर चुलीत टाकली तर भडका उडून सगळी ऊर्जा उष्णतेत जाईल, आणि त्या उष्णतेत पेशीच शिजून निघेल. म्हणून पेशी ग्लुकोजचा एक कण टप्प्याटप्प्याने, वीस-पंचवीस पायऱ्यांनी मोडते आणि मध्येमध्ये सुटणारी ऊर्जा एटीपी नावाच्या छोट्या रेणूत बांधून ठेवते. वर्गात मी एस.टी.चं उदाहरण देते. कंडक्टरपुढे पाचशेची नोट धरली तर तो आधी तुमच्याकडे बघतो, मग खिडकीबाहेर. नोट खोटी नसते, पण तिथे चालत नाही. ग्लुकोज म्हणजे ती नोट. स्नायू आकसायचा असो, मेंदूत संदेश पाठवायचा असो की नखाचं एक प्रथिन विणायचं असो, पेशीत बहुतेक ठिकाणी चालते ती चिल्लर, म्हणजे एटीपी. नोट मोडून चिल्लर करणं, हे पेशीय श्वसन.

गंमत म्हणजे ही चिल्लर साठवता येत नाही. एका माणसाच्या अंगात एका वेळी एटीपी असतो सुमारे 100 ग्रॅम. आणि नुसता पडून राहिलेला माणूससुद्धा चोवीस तासांत सुमारे 40 किलो एटीपी वापरतो. म्हणजे तोच तो रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडतो आणि पुन्हा बनतो. हा कारखाना काही मिनिटं थांबला तर माणूस उरत नाही. आपण उपाशी राहू शकतो, पेशी राहू शकत नाही. पेशीला रोजा नसतो, एकादशीही नसते.

एटीपीचा शोध 1929 सालचा. जर्मनीत कार्ल लोमान आणि अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्क व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्वतंत्रपणे लावला. सुब्बाराव आंध्रातले, भीमावरमचे. मी विद्यार्थ्यांना हे नाव मुद्दाम लिहून घ्यायला लावते. क्रेब्ज चक्रामुळे क्रेब्जचं नाव सगळ्यांना माहीत असतं. सुब्बारावांचं बारावीच्या वर्गात हात वर करून कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

आता नोट मोडते कशी? पहिला टप्पा पेशीद्रवात होतो आणि त्याला ऑक्सिजन लागतच नाही. दहा पायऱ्यांत ग्लुकोजचे दोन तुकडे होतात आणि हाती निव्वळ दोन एटीपी लागतात. खमीर एवढ्यावरच भागवून घेतं. मशिदीसमोरच्या बेकरीत रात्री मळलेलं पीठ पहाटेपर्यंत फुगतं, ते खमिराने साखर अर्धवट मोडून सोडलेल्या वायूमुळे. आपल्याला दोन एटीपीवर जगता येत नाही. म्हणून ते तुकडे पेशीतल्या तंतुकणिकांत जातात. तिथे क्रेब्ज चक्र फिरतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि अन्नातले इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात देत शेवटी ऑक्सिजनकडे पोचवले जातात. एका ग्लुकोजमागे सगळे मिळून 30 ते 32 एटीपी. आमच्या वेळी पुस्तकात 38 लिहिलेले असत आणि 38 लिहिले तरच मार्क मिळत. आकडे सुधारले, तसे आम्हीही सुधारलो.

हे चक्र हान्स क्रेब्ज यांनी 1937 मध्ये मांडलं, कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर काम करून. ज्यू म्हणून 1933 मध्ये जर्मनीतली नोकरी गेलेला हा माणूस तेव्हा इंग्लंडमध्ये शेफील्डला होता. 'नेचर'ने त्यांचा लेख छापला नाही. दुसऱ्या नियतकालिकात तो आला आणि 1953 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण मला स्वतःला सगळ्यात सुंदर वाटतो तो शेवटचा टप्पा. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावर इलेक्ट्रॉन पुढे सरकत असताना त्यांच्या ऊर्जेने हायड्रोजनचे प्रभारित कण पडद्याच्या एका बाजूला ढकलले जातात आणि तिथे दाटी होते. कोयनेच्या भिंतीमागे पाणी साठावं तशी. मग ते कण एका अरुंद वाटेने परत येतात आणि येताना एक चाक फिरवतात. खरंखुरं चाक, प्रथिनाचं. ते सेकंदाला शंभराहून जास्त फेरे घेतं आणि दर फेऱ्याला तीन एटीपी बाहेर टाकतं. धरणाची ही कल्पना पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली, तेव्हा बहुतेकांनी मान हलवली. 1978 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. चाक कसं फिरतं हे उलगडणारे बॉयर आणि वॉकर यांना 1997 मध्ये.

ऑक्सिजनचं काम इतकंच, की शेवटी उभं राहून थकलेले इलेक्ट्रॉन घ्यायचे. घेतले की त्याचं पाणी होतं. हे पाणी दिवसाकाठी साधारण पाव लिटरच्या वर जातं. एप्रिलच्या उन्हात, घसा कोरडा पडलेला असताना, आपल्या प्रत्येक पेशीत पाणी तयार होत असतं. तहान त्याने भागत नाही हे मला मान्य आहे. तरी मला ते आठवतं.

तर आता मुलीचा प्रश्न. पहाटेची सहरी आतड्यातून रक्तात उतरायला तीन-चार तास लागतात. म्हणजे सकाळी नऊपर्यंत पेशी थेट सहरीवर चालतात. या वेळात रक्तात इन्शुलिन भरपूर असतं आणि यकृत जास्तीची साखर ग्लायकोजेनच्या रूपात बांधून ठेवतं. नऊ-दहानंतर इन्शुलिन उतरतं, ग्लुकॅगॉन चढतं आणि यकृत कोठार उघडतं. दुपार कलते तशी चरबी विरघळू लागते. हृदय, स्नायू तिच्यावर खुशीने काम करतात. चरबी मोडूनही शेवटी त्याच क्रेब्ज चक्रात शिरते, तेच चाक फिरवते. दुपारी तीनला मी फळ्यापुढे उभी असते ती अशी. (पहिल्या दोन-तीन रोज्यांतली दुपारची डोकेदुखी मात्र पुष्कळदा साखरेची नसते, सुटलेल्या चहाची असते. आमच्या स्टाफरूमला हे सांगून पटत नाही.)

पण शरीरात दोन गिऱ्हाइकं अशी आहेत, ज्यांना चरबी चालत नाही. एक तांबड्या रक्तपेशी. त्यांच्यात तंतुकणिकाच नसतात. शरीरभर ऑक्सिजन वाहून नेतात, स्वतः त्यातला कणही वापरत नाहीत. ग्लुकोजच्या त्या पहिल्या टप्प्यातल्या दोन एटीपीवर दिवस काढतात. इफ्तारआधी कढईपुढे उभी राहून भजी तळताना मला त्यांची आठवण येते. ताट भरायचं, मीठ अंदाजाने टाकायचं, तोंडात काही घालायचं नाही. दुसरं गिऱ्हाईक मेंदू. वजनाने शरीराचा पन्नासावा भाग, पण ऊर्जा खातो पाचवा हिस्सा. दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तासाला पाच. फार लांबलेल्या उपवासात तो कीटोनवर थोडं भागवायला शिकतो, पण त्याला दिवस लागतात.

आता हिशेब बघा. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं किती? साडेचार-पाच ग्रॅम. एक चहाचा चमचा. मेंदू तो चमचा तासाभरात संपवतो. म्हणून यकृत तो चमचा क्षणोक्षणी भरत राहतं, आणि त्याच्या कोठारात असलेले शंभरएक ग्रॅम ग्लायकोजेन धट्ट्याकट्ट्या माणसाला तेरा-चौदा तास आरामात पुरतात. शिवाय यकृत इतर पदार्थांपासून नवं ग्लुकोजही बनवत असतं. निरोगी माणसाच्या उपासाचं सारं रहस्य या एका चमच्यात आहे.

त्या एप्रिलमध्ये आमच्या घरात हा चमचा रिकामा होत होता.

2022 साली रमजान जवळपास एप्रिलभर होता. अम्मीला मधुमेह होऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. गोळ्या चालू, पथ्य बरं, रोजे मात्र सगळे. "सत्तर वरसां में नै छोड़ी, अब छोड़ूँ?" हे तिचं ठरलेलं उत्तर. त्या दिवशी पावणेपाचच्या सुमाराला ती कांदा चिरत बसली होती. मी कॉलेजातून आलेली, घाईत. तिने मला दोनदा माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली. मी हसले. मग तिने चिरलेला कांदा परत टोपलीत टाकायला सुरुवात केली. कपाळावर घाम होता; मला वाटलं, उकाडा. हात थरथरत होते. मला वाटलं, वय. सकाळीच मी अकरावीच्या वर्गात सांगून आले होते, की मेंदूला ग्लुकोज कमी पडलं की माणूस गोंधळतो, घामाघूम होतो, हात कापतात. तेच तिन्ही माझ्यासमोर होतं आणि मी डाळ वाटत होते.

ओळखलं ते शेजारच्या काकूंनी. त्या कोथिंबीर द्यायला आल्या होत्या. त्या स्वतः मधुमेही. दारातूनच बघून म्हणाल्या, "अगं, भाभींना साखर उतरली आहे," आणि चपला न घालता परत जाऊन मशीन घेऊन आल्या. बोटाला टोचलं. 54. त्या चमच्याचा निम्म्याहून थोडाच जास्त भाग उरलेला. मी पेल्यात तीन चमचे साखर ढवळली. अम्मीने तोंड मिटून घेतलं. "दोच घंटे रहे ना अब." मी काही बोलणार तेवढ्यात काकूंनी पेला माझ्या हातातून घेतला, तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भाभी, रोजा पुढे कधीही फेडता येईल. आत्ता मी पाजते आहे, मला नाही म्हणू नका." अम्मीने त्यांच्याकडे बघितलं आणि प्यायली. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, 88. तेव्हा अम्मीने मला माझ्या नावाने हाक मारली आणि टोपलीतला कांदा बघून विचारलं, "हे कुणी केलं?"

नंतर डॉक्टरांनी समजावलं ते माझ्याच धड्यातलं होतं. अम्मीने सहरीला नेहमीची सकाळची गोळी घेतली होती. ती गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडते, पोटात अन्न असो वा नसो. इन्शुलिन चढं राहिलं की यकृताचं कोठार कुलूपबंदच राहतं, शिवाय रक्तातली साखर स्नायू आणि चरबी आत ओढत राहतात. अंगात चरबी होती, कोठारात ग्लायकोजेन होतं, तंतुकणिका ठणठणीत होत्या. फक्त मेंदूकडे जाणारा चमचा भरला जात नव्हता. उलटही होऊ शकतं. ज्यांना इन्शुलिनच पुरत नाही, विशेषतः पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, त्यांच्या रक्तात साखर तुंबते, पण स्नायूंच्या पेशींना ती मिळत नाही. चरबी भराभर मोडते आणि कीटोन इतके वाढतात की रक्त आम्ल होतं. घर धान्याने भरलेलं आणि किल्ली हरवलेली, तशी गत. तेही तितकंच जिवावरचं.

हे मी एवढं पसरून लिहिते आहे, कारण ही गोष्ट आमच्या एकट्या घरची नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीप्रमाणे देशात मधुमेही आहेत सुमारे 10 कोटी 10 लाख. त्यांत रोजे धरणारे आहेत, चातुर्मास पाळणारे आहेत, पर्युषणात अठ्ठाई करणारे आहेत. गोळ्या आणि इन्शुलिनच्या वेळा व मात्रा उपासाआधी डॉक्टरांकडून बदलून घ्याव्या लागतात; स्वतःच्या मनाने नव्हे, आणि आदल्या रात्री नव्हे, महिना-दीड महिना आधी. रोज्यात बोट टोचून साखर तपासली तर रोजा मोडत नाही, हे उलेमांनीही सांगितलेलं आहे. तरी त्या भीतीने मशीन कपाटात राहतं. साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर, तर तिथेच उपास सोडायचा, मग अजानला पाच मिनिटं का उरली असेनात. शुद्धीवर असलेल्याला साखरेचं पाणी द्यायचं. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. आजारी माणसाला कुराणानेच सवलत दिली आहे. नंतर रोजे भरून काढणंही जमणार नसेल, तर त्याच्या जागी गरिबाला जेवू घालण्याची, म्हणजे फिदियाची, वाट आहे. अम्मीला हे सगळं माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि सहरीला न उठणं यांत अंतर असतं.

इफ्तारबद्दल एकच बोलते. खजुरात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ही साधी साखर तयारच असते. ती मोडावी लागत नाही, काही मिनिटांत रक्तात येते. दुपारपासून चरबीवर कुरकुरत चाललेल्या पेशींना तेवढं पुरतं. त्यानंतर येणारे समोसे, भजी, शरबत यांची मागणी पेशींकडून आलेली नसते. मराठीत 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणतात ते फक्त साबुदाण्याला लागू आहे असं समजू नये.

एक गोष्ट मी वर्गात सांगत नाही, इथे सांगते. तंतुकणिकांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. कारण त्या एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होत्या. फार पूर्वी दुसऱ्या एका पेशीत राहायला आल्या आणि तिथेच रुळल्या. माझ्या अंगात जे काही जळतं, ते अम्मीने दिलेल्या चुलीत जळतं. तिला तिच्या आईने दिलेल्या, तिला तिच्या आईने. माझ्या मुलीपर्यंत त्या पोचल्या आहेत. माझ्या भावातही त्याच आहेत, पण त्याच्या मुलांत वहिनीच्या आहेत. त्या दुपारी 54 आकडा बघताना मला हे आठवलं नव्हतं. रात्री तरावीहनंतर घर शांत झालं, तेव्हा आठवलं.

यंदा अम्मीचे रोजे नाहीत. हे ठरायला दोन रमजान आणि पुष्कळ रुसवेफुगवे लागले. सहरीला ती अजूनही सगळ्यांच्या आधी उठते, भाकरी थापते, आम्हाला वाढते, आणि भोंगा झाला की पाण्याचे पेले स्वतः उचलते. दिवसा मात्र आमच्यासमोर तिच्या घशाखाली घास उतरत नाही. पहिले दोन दिवस ती गोळी घेऊन उपाशीच बसली, म्हणजे आम्ही होतो तिथेच परत. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला काकूंनी गॅलरीतून हाक मारली, "भाभी, माझ्याकडे वरण जास्त झालंय, या जरा." तेव्हापासून रोज साडेबाराला काकूंचं काही ना काही जास्त होतं. अम्मी डोक्यावर ओढणी घेते, गोळीची डबी कमरेला खोचते आणि जाते. काल मेथीची भाजी जास्त झाली होती.